सगळ्यात वरचं नाव

कॉम्प्युटर स्लो झाला की टास्क मॅनेजर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी, उघडायचा, सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, कॉलमवर क्लिक करायचं, जे नाव सगळ्यात वर येईल त्यावर राइट क्लिक करून एंड टास्क. बहुतेक जण हेच करतात, आणि हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या यादीत सगळ्यात वर दिसणारं नाव बहुतेक वेळा काम करणाऱ्याचं असतं, काम सांगणाऱ्याचं नसतं, आणि आपल्याला शोधायचा असतो तो काम सांगणारा. या एका गोष्टीवर सविस्तर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, आज बसलोय.

आधी सगळ्यात साधं उदाहरण घेतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे ९५, ९७, ९८ असे आकडे दिसतात. जुन्या विंडोजमध्ये ती ओळ अगदी समोरच असायची, त्यामुळे लोक घाबरून फोन करायचे की काहीतरी सत्त्याण्णव टक्के सीपीयू खातंय, बंद पण होत नाही, व्हायरस आहे का. ती ओळ म्हणजे प्रोसेसरकडे कुणाचंच काम नाही असा वेळ. तिचा पीआयडी, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला विंडोज देतं तो नंबर, शून्य असतो, प्रत्येक कोअरमागे, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या प्रत्येक भागामागे, तिचा एकेक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, असतो, आणि दुसरं कुणी रांगेत नसेल तेव्हा तो थ्रेड प्रोसेसरला सांगतो की पुढचा इंटरप्ट, म्हणजे कामाची हाक, येईपर्यंत पडून राहा. त्याच्यामुळे लॅपटॉप गार राहतो आणि बॅटरी टिकते. म्हणजे यादीतलं सगळ्यात मोठ्या आकड्याचं नाव हे काहीच करत नसल्याचं नाव होतं, आणि तरी कितीतरी जणांनी त्याच्यावर एंड टास्क दाबून बघितलंय.

आता आकड्याबद्दल थोडं, कारण आकडा वाचता आला नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. प्रोसेसर कुठल्याही एका क्षणी एकतर कामात असतो नाहीतर रिकामा असतो, अर्धवट कामात असं काही नसतं, टक्के म्हणजे मागच्या एखाद-दोन सेकंदात किती वेळ तो कामात होता याची सरासरी. आणि विंडोजमधले टक्के हे सगळ्या कोअरचे मिळून असतात. म्हणजे मशीनमध्ये चार लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे विंडोज मोजतं ते कोअर, असतील आणि एखादा प्रोग्रॅम एका थ्रेडवर नुसता गोल गोल फिरत अडकला असेल तर तो १०० टक्के दिसत नाही, बरोबर २५ दिसतो. आठ असतील तर साडेबारा. हे माहीत नसलेला माणूस १२ टक्के बघून म्हणतो हे तर काहीच नाही, आणि पुढे जातो, पण तो न हलणारा बारा-साडेबाराचा आकडा हीच सगळ्यात मोठी खूण असते की कुणीतरी एक कोअर पूर्ण अडवून बसलंय. लिनक्सच्या टॉप या कमांडमध्ये उलट, तिथे एक कोअर म्हणजे १००, त्यामुळे चार कोअरवर ४०० पर्यंत आकडा जाऊ शकतो आणि विंडोजवरून तिकडे गेलेला माणूस ते बघून दचकतो. आकडा न हलता एकाच जागी बसलाय की वरखाली उड्या मारतोय, हे मी आकडा किती आहे याच्याही आधी बघतो.

मिरजेत माझ्या आत्येभावाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पावतीपुस्तकं, वाढदिवसाच्या फ्लेक्सची डिझाइनं. ऐन लग्नसराईत त्याचा फोन आला की मशीन भयंकर स्लो झालंय, पंखा सतत फुल स्पीडला, मराठी टाइप केलं की अक्षर मागून उमटतंय, आणि हार्डवेअरवाला म्हणतोय फॉरमॅट मारू, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू, संध्याकाळपर्यंत देतो. ज्यांनी डीटीपीचं दुकान जवळून बघितलेलं नाही त्यांना फॉरमॅटने तिथे किती नुकसान होतं ते कळणार नाही. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या असलेल्या कोडिंगच्या, आधीचे मराठी फॉन्ट प्रत्येक कंपनीचे वेगळे, प्रत्येकाचं अक्षरांचं कोडिंग वेगळं, आणि नेमका तो फॉन्ट मशीनवर नसेल तर दहा वर्षांपूर्वीची पत्रिका उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात, एक शब्द वाचता येत नाही. दादाकडे असे ढिगाने फॉन्ट, कुठून कुठून गोळा केलेले, काहींच्या सीड्या केव्हाच गेलेल्या, आणि जुनी गिऱ्हाइकं येऊन म्हणतात थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच धाकटीची करा. मी म्हटलं दादा, फॉरमॅट नको मारूस, रविवारी येतो. तो म्हणाला ये, पण सोमवारी मला तीन पत्रिका द्यायच्यात.

रविवारी गेल्यावर मी आधी काहीच केलं नाही. मशीन चालू केलं, डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल उघडला नाही, ब्राउझर उघडला नाही, आणि चहा होईपर्यंत नुसतं बघत बसलो. हे मी मुद्दाम सांगतोय कारण चालू झाल्यावरची पहिली काही मिनिटं प्रत्येक विंडोज मशीन धावपळीत असतं, स्टार्टअपचे प्रोग्रॅम उठत असतात, अँटीव्हायरस बघत असतो, अपडेट तपासलं जात असतं, त्या वेळचा आकडा धरून काही ठरवू नये. मग टास्क मॅनेजरमधूनच रिसोर्स मॉनिटर उघडला. त्याच्या सीपीयू टॅबमध्ये 'ॲव्हरेज सीपीयू' असा कॉलम आहे, शेवटच्या मिनिटाची सरासरी, आणि माझ्या मते विंडोजमधली ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा आहे, कारण टास्क मॅनेजरची यादी सारखी हलत राहते आणि उड्या मारणाऱ्या यादीत आपण जे नाव शोधायचं ठरवलेलं असतं तेच आपल्याला दिसतं. सरासरी लावली की यादी शांत होते.

सगळ्यात वर होतं डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट. वीसच्या पुढे, खाली यायचं नाव नाही. दादा म्हणाला, "हेच ते! रोज मारतोय मी याला, दोन मिनिटांत परत येतंय."

परत येणारच. डब्ल्यूएमआय ही विंडोजची आतली चौकशीची सोय आहे. डिस्क कशी आहे, बॅटरी किती आहे, कुठला प्रिंटर जोडलाय, कुठल्या सर्व्हिस चालू आहेत, असलं काहीही कुठल्याही प्रोग्रॅमला विचारायचं असेल तर तो डब्ल्यूएमआयला विचारतो आणि हा प्रोव्हायडर होस्ट ती माहिती गोळा करून देतो. स्वतःहून त्याला काहीही करायचं नसतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हमालाच्या पाठीवर हळदीचं पोतं दिसलं म्हणून कुणी हमालाला विचारत नाही की तू एवढी हळद कशाला घेतलीस, पोत्यावरचा मार्का बघतात. इथे दादा रोज हमालाला घरी पाठवत होता, आणि पोती पाठवणारा दुसरा हमाल बोलवत होता.

तर मार्का कुठे दिसतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग खाली डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी, आणि त्यात ऑपरेशनल. तिथे ५८५८ नंबरच्या एररची रांग लागलेली होती, एकाखाली एक, वेळ बघितली तर काही सेकंदांच्या अंतराने सकाळपासून चालू. एक एरर उघडली की त्यात क्लायंट प्रोसेस आयडी असा आकडा असतो, म्हणजे हा प्रश्न कुणी विचारला त्याचा नंबर, आणि शेजारी चक्क प्रश्नसुद्धा लिहिलेला असतो. सगळ्या ओळींत नंबर एकच. तो घेऊन टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये आलो, पीआयडीच्या कॉलमवर क्लिक करून नंबर शोधला, राइट क्लिक, ओपन फाइल लोकेशन, आणि समोर आलं एका यूपीएससोबत आलेलं बॅटरी बघणारं सॉफ्टवेअर. तो यूपीएस दुकानात नव्हताच. दादाने केव्हाच इन्व्हर्टर बसवला होता आणि यूपीएस भंगारात गेला होता. सॉफ्टवेअर मात्र रोज मशीनबरोबर उठत होतं आणि त्या नसलेल्या बॅटरीची चौकशी करत होतं, उत्तर नाही आलं की परत विचारत होतं. आणि सीपीयूच्या यादीत ते स्वतः कुठे होतं? खूप खाली, शून्याच्या आसपास. कारण प्रश्न विचारायला काहीच लागत नाही, सगळी मेहनत उत्तर शोधणाऱ्याची.

अनइन्स्टॉल केलं, रीस्टार्ट केलं, परत चहा होईपर्यंत थांबलो. प्रोव्हायडर होस्ट शून्यावर. पंखा खाली आला. दादाने तिथल्या तिथे उरलेली एक पत्रिका उघडली आणि कामालाच लागला.

आता कुणी म्हणेल की फॉरमॅट मारूनही हेच झालं असतं. झालं असतं, मशीन नक्की फास्ट झालं असतं. पण कशामुळे स्लो होतं ते कुणालाच कळलं नसतं, आणि दुकानात दुसऱ्या काउंटरला जे मशीन आहे, ज्याच्याबद्दल सगळ्यांनी 'ते जुनंच आहे, ते तसंच चालतं' असं धरून ठेवलं होतं, त्याच्यावरही तेच सॉफ्टवेअर होतं. ते त्याच दिवशी काढलं. कारण सापडलं की ते दुसऱ्या मशीनलाही उपयोगी पडतं, फॉरमॅट मारल्यावर हातात काहीच उरत नाही. मला हार्डवेअरवाल्यांवर टीका करायची नाही, त्यांना एका दिवसात दहा मशीन परत द्यायची असतात आणि शोधाशोधीचे पैसे कुणी देत नाही, फॉरमॅटचे देतात. पण गिऱ्हाइकाने तरी एकदा विचारावं की झालं काय होतं.

हमालाच्या जातीचं असंच दुसरं नाव म्हणजे सर्व्हिस होस्ट, एसव्हीसीहोस्ट. विंडोजच्या कितीतरी सर्व्हिस स्वतंत्र प्रोग्रॅम नसतात, त्या याच्या आत चालतात, आणि पूर्वी एकेका होस्टमध्ये दहा-बारा सर्व्हिस कोंबलेल्या असायच्या, त्यामुळे एसव्हीसीहोस्ट १०० टक्के दिसला तरी आत नेमकं कोण ते कळायचं नाही. २०१७ च्या विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिस वेगवेगळ्या होस्टमध्ये टाकायला लागले, आणि तेव्हापासून टास्क मॅनेजरमध्ये नावापुढचा बाण दाबला की आतली सर्व्हिस दिसते. एक्सपीच्या काळात हे सुख नव्हतं. एक्सपीच्या शेवटच्या दिवसांत, २०१३ मध्ये, जगभरातली मशीनं चालू केल्यावर बराच वेळ एसव्हीसीहोस्टमध्ये १०० टक्क्यांवर अडकत होती. आत होता विंडोज अपडेट. कुठल्या नव्या अपडेटने कुठल्या जुन्या अपडेटची जागा घेतली याची साखळी तो तपासायचा, आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या वर्षानुवर्षांच्या अपडेट्समुळे ती साखळी इतकी लांबली होती की साखळीत एक कडी वाढली की तपासायचा वेळ दुपटीने वाढावा तसं होत होतं. लोक प्रोसेसर जुना झाला म्हणून नवीन कॉम्प्युटर घेत होते. प्रोसेसरचं काहीच बिघडलेलं नव्हतं, मायक्रोसॉफ्टने निरुपयोगी झालेली जुनी अपडेट्स यादीतून काढल्यावर २०१४ च्या सुरुवातीला तो त्रास थांबला, आणि ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्टच संपला.

सगळाच लोड वाईट असतो असंही नाही, हे सांगायलाच हवं. डॉट नेटचं अपडेट आलं की विंडोज मागे बसून त्याच्या फाइली कंपाइल करतं, नवीन फोल्डरभर फाइली टाकल्या की सर्च इंडेक्सर त्या वाचतो, डिफेंडर स्कॅन करतो, मोठं अपडेट आलं की मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर बराच वेळ वर दिसतो. ही कामं संपणारी असतात. त्यांना मध्येच मारलं तर ती पुढच्या वेळी परत सुरू होतात आणि आपल्याला वाटतं रोजच होतंय. आणि इथे दुकानदारांची एक खास अडचण आहे, विंडोजची देखभालीची कामं मुळात रात्री दोन वाजता ठरवलेली असतात, मशीन तेव्हा चालू नसेल तर पुढे जेव्हा कुणी कीबोर्ड-माउसला हात लावत नाही अशी फट मिळेल तेव्हा. आपल्याकडे शटर ओढताना मेन स्विचच बंद करतात, आणि ते बरोबरच आहे, पण मग ही सगळी कामं दिवसा गिऱ्हाइकाशी बोलत असतानाच्या फटींत सुरू होतात, माउस हलवला की थांबतात, असं तुकड्या-तुकड्यांत कितीतरी दिवस चालतं. मी दादाला सांगितलंय की आठवड्यातून एकदा दुपारी जेवायला जाताना मशीन चालू ठेवून, कुठलाही प्रोग्रॅम न उघडता, स्लीप बंद करून जा. तेवढ्यात बरंचसं उरकतं.

कधीकधी तर लोड खरा नसतोच. उन्हाळ्यात दुकानात ३९-४० डिग्री, पंख्यात धूळ, हीटसिंकची, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूची, पेस्ट वाळलेली, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि कमी वेगात तेच काम करायला जास्त वेळ लागतो म्हणून टक्के वाढतात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये 'स्पीड' म्हणून आकडा असतो तो बघायचा. बेस स्पीड अडीच गिगाहर्ट्झ आणि चालू स्पीड भर कामात ०.८ वर अडकलेला दिसला तर सॉफ्टवेअर शोधत बसू नका, ब्लोअर मारा. लॅपटॉपला कमी वॅटचा चार्जर लावला तरीही असं होतं. मॅकवाल्यांना हेच कर्नल टास्क नावाने दिसतं. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कर्नल टास्क भरमसाठ सीपीयू घेताना दिसतो आणि लोक त्याला शिव्या देतात, पण ॲपलने स्वतःच सांगितलंय की त्याचं एक काम तापमान आटोक्यात ठेवणं आहे, जे प्रोग्रॅम प्रोसेसरवर जास्त भार टाकतायत त्यांना प्रोसेसर कमी मिळावा म्हणून तो जागा अडवतो. म्हणजे वरचं नाव इथे गार करणाऱ्याचं आहे.

आणि बऱ्याचदा प्रोसेसर हा विषयच नसतो, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालत असतं आणि डिस्कच्या कॉलमला १०० टक्के लागलेले असतात. तिथे एसएसडी टाकायची, शोधण्यासारखं काही नाही.

लपणाऱ्यांबद्दल लिहायलाच हवं. फुकटात मिळालेल्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकबरोबर येणारे क्रिप्टो मायनर, म्हणजे आपला प्रोसेसर वापरून दुसऱ्यासाठी आभासी चलन मिळवणारे प्रोग्रॅम, हे आपल्याकडच्या छोट्या दुकानांत, क्लासेसमध्ये, सायबर कॅफेत फार बघायला मिळतात, आणि त्यातले बरेच टास्क मॅनेजर उघडला की लगेच थांबतात, बंद केला की परत सुरू. म्हणून टास्क मॅनेजर उघडल्या उघडल्या पंख्याचा आवाज उतरत असेल तर त्या 'सगळं ठीक आहे' वर विश्वास ठेवू नका, त्याऐवजी परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये काही तासांचं रेकॉर्डिंग लावून ठेवा, किंवा मार्क रुसिनोविच यांचा प्रोसेस एक्सप्लोरर, म्हणजे टास्क मॅनेजरसारखाच पण जास्त तपशील दाखवणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या नावाने सेव्ह करून उघडा. सप्टेंबर २०१७ ते मार्च २०१९ या काळात कॉइनहाइव्ह नावाची सेवा होती, तिचं स्क्रिप्ट वेबसाइटवर टाकलं की साइट बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये मोनेरो नावाच्या चलनाचं मायनिंग चालायचं, कितीतरी साइट हॅक करून त्यात ते टाकलेलं होतं, आणि काहींनी तर टास्कबारवरच्या घड्याळाच्या मागे बसेल एवढी बारीक विंडो उघडायची शक्कल काढली होती, म्हणजे माणसाला वाटावं ब्राउझर बंद केला आणि मागे मायनिंग चालूच. यादीत नाव कुणाचं? ब्राउझरचं.

याच रुसिनोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या म्युझिक सीडीमधून गुपचूप इन्स्टॉल होणारा रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर, उघड केला होता. त्याच्या सर्व्हिसचं नाव काय ठेवलं होतं, तर 'प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर', म्हणजे बघणाऱ्याला वाटावं विंडोजचंच काहीतरी आहे. ती सर्व्हिस दर दोन सेकंदांनी मशीनवर चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमच्या फाइली तपासायची आणि त्यात कायम एक-दोन टक्के सीपीयू जायचा, सीडी वाजत असो वा नसो. एक-दोन टक्के म्हणजे कुणी बघणारही नाही, पण लॅपटॉपवर, दिवसभर, कुणी न सांगता. मी लहान पण कधीच शून्यावर न जाणारे आकडे बघायला शिकलो ते हे वाचल्यापासून.

मोठ्या सर्व्हरवालेसुद्धा वरच्या नावाला फसतात, आणि याचं माझं आवडतं उदाहरण लीप सेकंदाचं आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून एक जादा सेकंद घालतात. ३० जून २०१२ च्या मध्यरात्री, यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेनुसार, असा एक सेकंद घातला गेला, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता. जगभरातल्या लिनक्स सर्व्हरचे प्रोसेसर एकदम १०० टक्क्यांवर गेले, रेडिट ही चर्चेची साइट बंद पडली, आणि सगळीकडे टॉपमध्ये वर दिसत होतं जावा नाहीतर मायएसक्यूएल हा डेटाबेस. लोकांनी ते रीस्टार्ट केले, परत तेच. चूक दोघांचीही नव्हती. तो जादा सेकंद घालताना कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतल्या एका टायमरला त्याचा पत्ताच लागला नाही, तो घड्याळाच्या एक सेकंद पुढे राहिला, त्यामुळे 'मला एवढे मिलिसेकंद थांबव' असं सांगणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला उत्तर मिळायचं की वेळ झाली, ऊठ. उठायचा, काम नाही म्हणून परत झोपायला जायचा, परत लगेच ऊठ, असं सेकंदाला हजारो वेळा. ज्यांनी नुसती सिस्टिमची तारीख होती तीच परत सेट केली त्यांचे सर्व्हर तिथल्या तिथे शांत झाले. एका ओळीची कमांड. पण त्या ओळीपर्यंत पोचायला वरच्या नावाच्या पलीकडे बघावं लागलं.

आणि आता ज्याच्यामुळे मला हा लेख लिहायलाच हवा असं वाटलं ते. मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे, मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर. ते डेबियन सिडवर, म्हणजे डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर, बारीक मोजमापं करत होते, आणि असलं मोजमाप करायचं तर मशीन आधी एकदम शांत करावं लागतं, मागे चालणारी एकेक गोष्ट थांबवावी लागते. तेव्हा त्यांना दिसलं की एसएसएचडी, म्हणजे बाहेरून लॉगिन करणाऱ्यांना दार उघडणारा प्रोग्रॅम, नेहमीपेक्षा जास्त सीपीयू खातोय. इंटरनेटवर उघड्या असलेल्या मशीनवर आपोआप चालणारे बॉट सतत चुकीची नावं टाकून बघतच असतात, ते लगेच नाकारले जातात, त्याला फारसा सीपीयू लागायचं कारण नाही. इथे लागत होता. लॉगिनला पूर्वी साधारण ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८ लागत होते. अर्धा सेकंद. मी प्रामाणिकपणे विचार करतो की आपल्यापैकी कितीजण अर्ध्या सेकंदासाठी थांबले असते.

ते थांबले. प्रोफायलर लावला, म्हणजे कोडच्या कुठल्या भागात किती वेळ जातो ते दाखवणारं टूल. वेळ जात होता लिबएलझेडएमए नावाच्या लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनी वापरायच्या तयार कोडमध्ये, फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या एक्सझेड पॅकेजचा भाग, आणि तिच्या आत नेमक्या कुठल्या फंक्शनमध्ये जातोय ते प्रोफायलरला सांगता येत नव्हतं, नावच नव्हतं. लॉगिनचा आणि फाइल दाबून लहान करण्याचा काय संबंध? थेट काहीच नाही. एसएसएचडीच्या मूळ कोडमध्ये ती लायब्ररी नाही, पण डेबियनसारख्या काही डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे लिनक्सचे प्रकार, त्यात सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीशी बोलण्यासाठी एक पॅच, म्हणजे जादा कोडचा तुकडा, घालतात, सिस्टिमडीच्या लायब्ररीला लिबएलझेडएमए लागते, आणि अशा आडवाटेने ती दारापर्यंत आलेली. मग त्यांना आठवलं की काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्रिंड या तपासणीच्या टूलने काहीतरी विचित्र तक्रार केली होती. दोन्ही जोडलं, खणत गेले, आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलेलं आहे. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी, २०२१ पासून, हळूहळू विश्वास मिळवत, एकट्याने तो प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाच्या शेजारी जागा मिळवून, ते आत घातलं होतं. ज्याच्याकडे त्याची किल्ली होती त्याला अशा मशीनवर लॉगिन न करता हवी ती कमांड चालवता आली असती. डेबियनच्या टेस्टिंगमध्ये, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या चाचणीच्या आवृत्त्यांत ते पोचलेलं होतं, जगभरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या पक्क्या आवृत्त्यांत जायच्या आत पकडलं गेलं.

यात वर दिसलेलं नाव होतं एसएसएचडी. एंड टास्क दाबून, सर्व्हिस रीस्टार्ट करून पुढे जाता आलं असतं, आणि अर्धा सेकंद म्हणजे काय, नेट स्लो असेल. त्यांनी ते केलं नाही, आणि मला वाटतं ते करू शकले कारण त्यांना ठीक असलेलं मशीन कसं दिसतं हे पक्कं माहीत होतं. एसएसएचडीला किती सीपीयू लागायला हवा हे डोक्यात आधीपासून होतं, म्हणून जास्त लागतोय हे दिसलं. आपल्याला ते माहीत नसतं. आपण टास्क मॅनेजर उघडतो तोच मुळी मशीन बिघडल्यावर, ठीक असताना कधीच नाही, त्यामुळे समोरच्या दीडशे नावांतलं कुठलं नवीन आणि कुठलं पूर्वीपासूनचं हे सांगायला आपल्याकडे काहीच नसतं, मग डोळा आपोआप मोठ्या आकड्यावर जातो.

म्हणून दादाच्या दोन्ही मशीनवर मी एक सवय लावून दिलीय, आणि ज्यांच्या घरी, दुकानात, क्लासमध्ये कॉम्प्युटर आहे त्या सगळ्यांना माझी मनापासून विनंती आहे की हे करा. मशीन व्यवस्थित चालत असलेल्या एखाद्या दिवशी, चालू करून पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर, काहीही न उघडता, रिसोर्स मॉनिटरमध्ये ॲव्हरेज सीपीयूवर क्लिक करून यादी लावा आणि स्क्रीनशॉट काढा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबचा एक काढा, परफॉर्मन्स टॅबमधल्या स्पीडचा एक. फाइलच्या नावात तारीख टाका, आणि त्याच मशीनवर न ठेवता फोनवर ठेवा, म्हणजे मशीन चालूच झालं नाही तरी हाताशी राहतील. नवीन प्रिंटर, नवीन यूपीएस, कसलंही नवीन सॉफ्टवेअर आलं की आणखी एक. विंडोजचं मोठं अपडेट झालं की दोन-तीन दिवस त्याला त्याचं उरकू द्या आणि मग नवीन काढा, जुना पुसू नका.